एक दाबा, दोन दाबा. पण ऐकतंय कोण?



आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल. फोनवरच्या आवाजी सेवा. म्हणजे आपण एक नंबर लावतो, पलीकडून ध्वनिमुद्रित आवाज येतो, ‘मराठीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा’ असं सांगतो, आणि मग बटणं दाबत किंवा बोलत बोलत आपण हव्या त्या माहितीपर्यंत पोचतो. निदान पोचावं अशी अपेक्षा असते. आपल्यापैकी बहुतेकांना या सेवा माहीत आहेत त्या बँकेच्या किंवा गॅस सिलिंडरच्या निमित्ताने, आणि त्या आपल्या लक्षात राहतात त्या बहुधा वैताग म्हणूनच. आपल्याला तो वैताग परवडतो, कारण आपल्याकडे दुसरे रस्ते असतात. ॲप असतं, वेबसाइट असते, ओळखीचा माणूस असतो.

आज आम्ही बोलणार आहोत ते ज्यांना हे दुसरे रस्ते नाहीत अशांसाठी तयार झालेल्या सेवांबद्दल. ज्यांना वाचता येत नाही, ज्यांच्या भाषेत वाचायला फारसं काही छापलेलं नाही, ज्यांच्या हातात साधा बटणांचा फोन आहे आणि तोही कधी कधी घरातल्या दुसऱ्या कुणाचा आहे. गेल्या वीसेक वर्षांत भारत, पाकिस्तान, बोत्स्वाना अशा देशांत या लोकांसाठी बऱ्याच आवाजी सेवा निघाल्या. त्यांच्यावर शोधनिबंध आले, बक्षिसं आली, काही बंदही पडल्या. त्यांचं मूल्यमापन बहुतेक वेळा दोन आकड्यांत संपतं: किती कॉल आले आणि किती मिनिटं ऐकलं गेलं. पण नाटकाचं परीक्षण करताना आपण तिकीटविक्री सांगून थांबतो का? रंगमंचावर कोण बोलतं, कोण नुसतं उभं असतं, कुणाला वाक्यच दिलेलं नाही, हेही आपण बघतो. आम्हाला या सेवांकडे तसं बघायचं आहे.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला वाद घालायला बरं पडेल. फोन करणाऱ्याला नुसता कान समजून बांधलेली सेवा आणि त्याला बोलणारा माणूस समजून बांधलेली सेवा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तंत्र तेच, लाइन तीच, पण रचना वेगळी. आणि या क्षेत्रातले बरेचसे वाद या मुख्य फरकाला बगल देऊन झालेले आहेत.

पहिला वाद घ्या. बटण की बोलणं? फोन करणाऱ्याने बटण दाबून निवड करावी, की तोंडाने शब्द उच्चारावा आणि यंत्राने तो ओळखावा? कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या जहानजेब शेरवानी यांनी पाकिस्तानात ‘हेल्थलाइन’ नावाची आरोग्यविषयक सेवा उभी केली. 2009 मध्ये त्यांच्या गटाचा निष्कर्ष आला, की नीट रचलेली बोलण्याची सेवा बटणांच्या सेवेपेक्षा सरस ठरते, आणि ती कमी शिकलेल्यांनाही सरस ठरते. त्याच वर्षी गुजरातमधल्या शेतकऱ्यांबरोबर केलेला नील पटेल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. त्याचा निष्कर्ष नेमका उलटा: बटणं दाबून लोकांची कामं जास्त पार पडली. आणि त्याच सुमाराला बोत्स्वानामध्ये एचआयव्हीबाधित मुलांची काळजी घेणाऱ्यांबरोबर तिसरा अभ्यास झाला. तिथे लोकांना दोन्ही प्रकार जमले, पसंतीचं पारडं मात्र बटणांकडे झुकलं.

आता तीन ठिकाणी तीन उत्तरं येतात तेव्हा आपण काय समजायचं? संशोधकांनी चुका केल्या असं आम्हाला वाटत नाही. आम्हाला वाटतं, प्रश्नच अर्धा आहे. शब्द कोणते निवडले, ओळखणारं यंत्र किती सक्षम होतं, आधी कसं शिकवलं, यावर उत्तर बदलणारच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की फोन करणारा माणूस कुठे उभा आहे आणि त्याच्याभोवती कोण आहे, हे या प्रश्नात येतच नाही. एसटी स्टँडवर उभं राहून यंत्राशी बोलून बघा. किंवा एका खोलीच्या घरात, सासू शेजारी बसलेली असताना, आपल्या आजाराचं नाव मोठ्याने उच्चारून बघा. तिथे बटण म्हणजे आडोसा आहे. उलट, बटण दाबायला फोन कानापासून दूर न्यावा लागतो आणि तेवढ्यात पुढची सूचना निसटते. टचस्क्रीनवर तर आणखी गंमत. गालाला लागला की पडदा काळा होतो, आणि कीपॅड कुठे गेलं ते शोधण्यात पलीकडच्या बाईचा धीर सुटतो. ‘आपला प्रतिसाद मिळाला नाही’ म्हणून ती फोन ठेवून देते. प्रतिसाद द्यायचा होता हो, बटण सापडत नव्हतं.

आता भाषेकडे येऊ. हा आमचा खास राग आहे. एक नमुना ऐका. तो आम्हीच रचलेला आहे, पण तुम्हाला ओळखीचा वाटेल: ‘आपली तक्रार नोंदविण्यासाठी कृपया तीन दाबा. पूर्वी नोंदविलेल्या तक्रारीची सद्यःस्थिती जाणून घेण्यासाठी कृपया चार दाबा. मुख्य यादीकडे परत जाण्यासाठी कृपया तारांकित चिन्ह दाबा.’

कागदावर यात काही चूक नाही. पण हे कानाने ऐकायचं आहे. ‘सद्यःस्थिती’ हा शब्द कानाला पहिल्या फटक्यात पकडता येत नाही. ‘तारांकित चिन्ह’ कुणाच्याच तोंडी नाही. लोक ‘स्टार’ म्हणतात. आमच्या भाषेची एक सोय मात्र इथे फुकट मिळालेली आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. त्यामुळे ‘पाणी आलं नसेल, तर एक दाबा’ या वाक्यात आधी अडचण कळते आणि आकडा शेवटी येतो, म्हणजे दाबायच्या क्षणी तो ताजा असतो. हेच उलट करून ‘एक दाबा, पाण्यासाठी’ असं सांगितलं, की कामाचा शब्द ऐकेपर्यंत आकडा विसरलेला असतो. भाषेने दिलेली सोय आणि भाषांतराने घालवलेली सोय, ती ही.

पण शब्दांपेक्षा खोलवरचा दोष आहे तो वर्गवारीचा. समजा, एका बाईला दोन महिने रेशन मिळालेलं नाही. तिने फोन लावला. पलीकडून पर्याय येतात: शिधापत्रिका, वितरण, तक्रार निवारण, इतर चौकशी. तिचं काम यातल्या कशात बसतं? तिला कसं माहीत असणार? ते कार्यालयाला माहीत असतं. अशा ठिकाणी मेनू म्हणजे ऑफिसच्या कपाटातल्या फाइलींची यादी असते, तीच मोठ्याने वाचून दाखवलेली. छापील यादीवर डोळा मागे नेता येतो. ऐकलेली यादी हवेत विरते. पाचवा पर्याय येईपर्यंत दुसरा गेलेला असतो. निरक्षर माणसाला यादी लक्षात ठेवता येत नाही असं कुणी म्हणेल, तर ते खोटं आहे. आपल्या जात्यावरच्या ओव्या बायकांनी कागदाशिवायच पिढ्यानपिढ्या जपल्या. पण ओवी तिच्या स्वतःच्या जगण्याची असते. फाइलींची यादी तिची नसते.

म्हणजे पुन्हा मुद्दा तोच येतो. सेवा कुणाच्या बाजूने रचली आहे?

आता जरा चांगली उदाहरणं बघू, कारण नुसती नावं ठेवणं म्हणजे समीक्षा नव्हे. गुजरातमध्येच ‘आवाज ओटलो’ नावाची सेवा निघाली. ओटलो म्हणजे आपला ओटा. घरासमोर बसून चार गोष्टी बोलायची जागा. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 51 शेतकऱ्यांनी ती सात महिने वापरली. तिच्यात शेतीवरच्या रेडिओ कार्यक्रमाचे जुने भाग ऐकायची सोय होती, सूचना होत्या आणि प्रश्नोत्तरांची जागा होती. सगळ्यांत जास्त चाललं काय? प्रश्नोत्तरं. आपला प्रश्न आपल्या आवाजात नोंदवायचा, आणि इतरांचे प्रश्न आणि त्यांना मिळालेली उत्तरं ऐकायची. रेडिओचा कार्यक्रम तयार होता, व्यवस्थित होता, तज्ज्ञांचा होता. तरी लोक ओट्यावरच जाऊन बसले.

याच प्रवाहातला पुढचा प्रयोग आम्हाला फार मोलाचा वाटतो. 305 शेतकऱ्यांना दोन आठवड्यांत शेतीचे सात सल्ले फोनवरून पाठवले. सल्ले तेच, पण काहींना ते विद्यापीठातल्या शास्त्रज्ञाच्या आवाजात आणि काहींना दुसऱ्या शेतकऱ्याच्या आवाजात. आधी सल्ल्याची झलक ऐकवायची. उरलेलं ऐकायचं असेल तर शेतकऱ्याने स्वतः नंबर लावायचा. शेतकऱ्याचा आवाज असलेल्या झलकेनंतर लोकांनी लक्षणीय प्रमाणात जास्त वेळा फोन लावला. आणि मुलाखतीत विचारलं तेव्हा? प्रयोगाआधीही आणि नंतरही बहुतेकांनी सांगितलं, की आम्हाला शास्त्रज्ञांचं ऐकायला आवडतं.

यावर हसू नका. साहेबांसमोर कोणतं उत्तर द्यायचं असतं हे आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक असतं. बोट मात्र खरं बोललं. इथून आम्ही एक धडा घेतो: अशा सेवा बांधताना लोकांना नुसतं ‘तुम्हाला काय हवं’ असं विचारून भागत नाही. ज्या रीतीने आपण विचारतो, त्या रीतीतच उत्तर ठरून जातं.

आता लाहोरला जाऊ. आगा अली रझा आणि रोनी रोझेनफेल्ड यांच्या गटाने ‘पॉली’ नावाची सेवा केली. काम अगदी पोरकट. तुम्ही काही सेकंद बोलायचं, यंत्र तुमचा आवाज गमतीदार करून देणार, आणि तो तुम्ही मित्राला पाठवायचा. 2011 मध्ये त्यांनी ती पहिल्यांदा मोजक्या लोकांत सोडली, आणि तीन आठवड्यांतच बंद करावी लागली. कारण? लाइनी पुरेनात आणि कॉलचा खर्च झेपेना. मग 9 मे 2012 पासून ती पुन्हा, चोवीस तास सुरू झाली. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ती 85,000 लोकांपर्यंत पोचली होती. जाहिरात नाही, प्रशिक्षण नाही. आणि या टवाळीच्या दाराशीच त्यांनी एक दुसरं दार ठेवलं होतं: नोकरीच्या जाहिराती वाचून दाखवणारी सेवा. 27,000 लोक तिकडे वळले आणि त्यांनी त्या जाहिराती 2 लाख 79 हजार वेळा ऐकल्या.

गरिबांसाठी सेवा म्हटली की आपला चेहरा गंभीर होतो. गरिबाने फोनवर फक्त खताची मात्रा आणि लसीकरणाची तारीख ऐकावी, असं आपण गृहीत धरतो. आपण स्वतः फोनवर दिवसभर काय करतो ते मात्र विचारायचं नाही. पॉलीने हे ढोंग उघडं पाडलं. गंमत करता करता लोक मेनू शिकले, रेकॉर्डिंग शिकले, दुसऱ्याला पाठवायला शिकले. आणि एक दुसरी गोष्टही तिने दाखवली, जी आम्हाला विसरून चालणार नाही: लोकप्रियता हाच अशा सेवेचा धोका असतो. लिहिलेला मजकूर जास्त लोकांनी वाचला तर खर्च फारसा वाढत नाही. इथे प्रत्येक मिनिटाचं बिल येतं. ते कुणी भरायचं, हा रचनेचाच प्रश्न आहे. आपल्या मिस्ड कॉलच्या सवयीत त्याचं उत्तर दडलेलं होतं: मी रिंग देतो, तू उलट फोन कर. गरिबाची ही युक्ती पुढे जाहिरातदारांनीही उचलली. हिंदुस्तान युनिलिव्हरने बिहार-झारखंडमध्ये ‘कान खजुरा टेसन’ चालवलं. मिस्ड कॉल द्या आणि फुकट गाणी, विनोद ऐका; मधे मधे साबणाची जाहिरात. बिल भरणारा मिळाला, पण मग कार्यक्रम कुणाचा हेही ठरून गेलं.

याच्या दुसऱ्या टोकाला आहे ‘सीजीनेट स्वर’. 2010 मध्ये पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी छत्तीसगडमध्ये ती सुरू केली. रचना इतकी साधी की मेनू जवळपास नाहीच: बोलायचं असेल तर एक दाबा, ऐकायचं असेल तर दोन. रोजगार हमीची मजुरी थकली, हातपंप बिघडला, शाळेत मास्तर येत नाही; माणूस आपल्या शब्दांत सांगतो. आलेला संदेश संपादक तपासतात, मग तो सगळ्यांना ऐकू येतो. अनेकदा संदेशाच्या शेवटी संबंधित अधिकाऱ्याचा नंबर सांगून ऐकणाऱ्यांना विनंती असते, की तुम्हीही फोन करा. बघा, इथे वर्गवारी नाही. फाइल नाही. आणि भाषाही हिंदी एवढीच नाही, गोंडीही आहे. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे 30 लाख लोक नोंदले गेले, त्यांतले बरेच आपल्या गडचिरोलीतही आहेत. पण त्या भाषेत ना रोजचं वर्तमानपत्र, ना सरकारी पत्रक. अशा भाषेला फोन ही तात्पुरती सोय नाही. ज्याला आपण सार्वजनिक जागा म्हणतो, ती तिथे फोनवरच तयार होते.

या सेवांचंही सगळं गोड नाही. आवाजात माणूस लपत नाही. लिहिताना टोपणनाव घेता येतं. बोलताना बाई आहे हे पहिल्या शब्दात कळतं. खुल्या आवाजी मंचांवर बायका फार कमी, आणि ज्या येतात त्यांना अश्लील शेरे, धमक्या, नकोशी सलगी सोसावी लागते, हे आदित्य वशिष्ठ यांच्या गटाने ‘संगीत स्वर’सारख्या मंचांच्या अभ्यासातून मांडलेलं आहे. त्याच ‘संगीत स्वर’वर अंध लोक मोठ्या संख्येने आले आणि त्यांनी तो आपलासा केला, हीही त्याच नाण्याची दुसरी बाजू. दार उघडं ठेवलं की कोण येईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून दाराशी माणूस लागतो.

आता ज्या सेवा मुद्दाम एकतर्फी आहेत त्यांच्याकडे वळतो. ‘किलकारी’ ही सेवा बिहारमध्ये सुरू झाली आणि 2016 मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने ती देशपातळीवर घेतली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे 72 कॉल. आवाज एका काल्पनिक डॉक्टर अनिताचा. मुंबईत अरमान या संस्थेची ‘एममित्र’ 2014 पासून अशाच रीतीने हिंदी-मराठीत काम करते. या सेवांची उपयुक्तता आम्ही नाकारत नाही. योग्य आठवड्यात योग्य गोष्ट आपणहून कानावर येणं, ही मोठी गोष्ट आहे. पण या रचनेत ऐकणाऱ्या बाईला वाक्यच नाही. ‘डॉक्टर, माझे पाय सुजलेत’ असं तिला मधे म्हणता येत नाही. आणि फोन नवऱ्याकडे असला, तर कॉल शेतावर वाजतो.

मग काय होतं? बायका हळूहळू ऐकायच्या थांबतात. ‘एममित्र’ने यावर काय केलं ते आम्हाला बोलकं वाटतं. गुगलच्या संशोधकांबरोबर त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली. ती कशासाठी? कोणत्या बाईला खरीखुरी कार्यकर्ती फोन करील तर उपयोग होईल, हे ठरवायला. सुमारे 23,000 बायकांवर सात आठवडे केलेल्या अभ्यासात, अशी निवड केल्यावर ऐकणं कमी होण्याचं प्रमाण 30 टक्क्यांनी घटलं. म्हणजे यंत्राच्या आवाजाला कंटाळलेल्या बाईवर उपाय निघाला तो माणसाचा आवाज. यंत्राचं काम एवढंच, की माणूस आधी कुणाकडे पाठवायचा ते सांगणं. आम्हाला हा यंत्राचा अपमान वाटत नाही. ही त्याची योग्य जागा वाटते.

आता कुणी म्हणेल, तुम्ही व्याख्यानात बोलायला मोकळे आहात, पण कोट्यवधी लोकांना माणसं कुठून पुरवायची? प्रश्न रास्त आहे. पण 2004 मध्ये सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरवर शेतकऱ्याच्या भाषेत माणूसच उत्तर देतो, आणि ते टोल-फ्री आहे. म्हणजे हे अशक्य कोटीतलं नाही. खर्चाचा मुद्दा आहे, आणि खर्च कशावर करायचा हा निवडीचा मुद्दा आहे.

आणि हा मुद्दा आत्ता तातडीचा आहे. जुलै 2022 मध्ये ‘भाषिणी’ सुरू झाली. भारतीय भाषांतलं बोलणं ओळखणारी, भाषांतर करणारी यंत्रं झपाट्याने सुधारत आहेत. बटण की बोलणं हा 2009 चा वाद कदाचित लवकरच निकालात निघेल. यंत्राला आपली मराठी कळेल, वऱ्हाडी कळेल, मालवणीही कळेल. आनंदच आहे. पण मग खिडकीवरचा माणूस काढून टाकण्याचा मोहही तितकाच वाढेल. शब्द ओळखणं आणि ऐकून घेणं यात फरक आहे. ‘रेशन मिळालं नाही’ हे वाक्य यंत्राने बिनचूक लिहून घेतलं आणि पुढे कुणीच हललं नाही, तर त्या बाईच्या दृष्टीने जुनं ‘तारांकित चिन्ह’ आणि नवं यंत्र यांत काय फरक पडला?

म्हणून पुढच्या वेळी अशी कोणतीही सेवा तुमच्यासमोर आली, तुम्ही ती बांधत असाल, तिला पैसे देत असाल किंवा नुसती वापरत असाल, तर चार गोष्टी विचारा. मिनिटाचे पैसे कोण भरतंय? पर्याय कुणाच्या शब्दांत आहेत, ऑफिसच्या की माणसाच्या? फोन करणाऱ्याला स्वतःचं म्हणणं मांडायला जागा आहे का? आणि ते म्हणणं शेवटी कोणत्या जिवंत माणसापर्यंत पोचतं? चौथ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर पहिल्या तिन्हींची उत्तरं कितीही चांगली असली तरी ती सेवा आम्ही अपुरी मानतो.

आम्ही इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न असतील तर घेऊ. आपल्याकडे वेळ आहे, आणि इथे काही दाबावं लागत नाही.